रात्रीची पाळी

घरात दीर्घ आजारी माणूस असलं की रात्रीला तिचं स्वतःचं वेळापत्रक येतं. दहाला गोळ्या, बाराला कूस बदलायची, दोनला वाफ, चारला पुन्हा कूस. मधल्या वेळात डोळे मिटतात, पण कान उघडे असतात. महिनोन्महिने असं चाललं की शरीर या वेळा पाठ करून टाकतं आणि माणूस गेल्यावरही विसरत नाही. आई गेली, ऑक्सिजनचं मशीन परत गेलं, भाड्याची खाट न्यायला तिघं येऊन गेले, खोलीला नवा रंगही दिला. पण रात्रीचे दोन वाजले की मी टक्क जागी. सगळे म्हणत, आता तरी निवांत झोप. झोपेला माझी काहीच हरकत नव्हती.

‘काळ हेच औषध’ हे त्या दिवसांत भेटेल तो सांगायचा. या औषधाचा डोस किती, किती दिवस घ्यायचं, उपाशीपोटी की जेवणानंतर, हे मात्र कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी खरं औषध दिलं, ते मी घेतलं आणि त्याचा उपयोगही झाला. हे आधीच सांगून ठेवते, कारण छंदाने माणूस बरा झाल्याच्या गोष्टी वाचून कुणी गोळ्या बंद करू नयेत. पण गोळी झोप आणते. जागेपणाचं काय करायचं ते शिकवत नाही. ते मला कॅमेऱ्याने शिकवलं. काळ नेमकं काय बरं करतो आणि कशाला हातही लावत नाही, हे मला त्याच्यामुळेच कळलं.

भाच्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना डीएसएलआर माझ्या गळ्यात मारला. दिवाळी नुकतीच झाली होती. ट्रायपॉड घेऊन मी दोन वाजता सोसायटीच्या गच्चीवर जायला लागले. वॉचमनकाकांनी आधी खालून टॉर्च मारून पाहिला. मग एका रात्री दम लागेपर्यंत जिने चढून वर आले आणि म्हणाले, “ताई, सगळं बरं ना?” अपरात्री गच्चीच्या कठड्याशी एकटी उभी असलेली बाई पाहून त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं. मी त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर मृग नक्षत्र दाखवलं, बाणाचे तीन तारे, खाली व्याध. त्यांनी मान वर करून खात्री करून घेतली. त्यानंतर ते अधूनमधून चहा पाठवू लागले. जिने मात्र पुन्हा चढले नाहीत.

आकाशाचा फोटो म्हणजे वाट पाहणं. शटर उघडायचं आणि थांबायचं. फार थांबूनही चालत नाही, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि ताऱ्यांच्या ठिपक्यांच्या रेघा होतात. त्यासाठी फोटोवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे : फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचं, येईल तितके सेकंद. २० मिलिमीटरची लेन्स असेल तर २५ सेकंद. मला त्या पंचवीस सेकंदांचं अप्रूप वाटायचं. आजारपणातही मी वाटच पाहत होते, पण कशाची ते उच्चारता येत नव्हतं आणि ती संपावी असंही म्हणता येत नव्हतं. इथे वाट पाहायची, ती संपते, शटर मिटल्याचा आवाज येतो. हाताशी एक चित्र उरतं, बरं किंवा वाईट.

१९३०च्या आसपास पॅरिसच्या रात्री टिपणारा ब्रासाई एक्स्पोजरचा वेळ सिगारेटीवर मोजायचा. अंधार कमी असेल तर एका छापाची सिगारेट, जास्त असेल तर दुसऱ्या, जाड छापाची. त्याच्या काळी काच किंवा फिल्म एकदा उघडली की जे उमटेल ते उमटेल. त्यात फिल्मची एक खोड होती : वेळ वाढवत नेला की तिची प्रकाशाची भूक मंदावत जायची, दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट प्रकाश उमटायचा नाही. डिजिटल सेन्सरला ही खोड नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने टिपलेली चित्रं आकड्यांची असतात, आणि आकड्यांची बेरीज करता येते. रात्रीच्या फोटोग्राफीतली आजची निम्मी कला या बेरजेत आहे.

कारण एकट्या फ्रेमवर भरवसा ठेवता येत नाही. उघडून मोठी करून पाहिली की आकाशभर दाणे दिसतात, लाल, हिरवे, निळे. याला सगळे नॉइज म्हणतात. थोडा तो प्रकाशातच असतो, कारण प्रकाशाचे कण नियमित रांगेने येत नाहीत, वळवाच्या थेंबांसारखे कुठे आधी, कुठे नंतर पडतात. थोडा सेन्सरच्या उष्णतेचा, थोडा विद्युत मंडलातला. यावर उपाय म्हणजे त्याच आकाशाच्या पुष्कळ फ्रेम घ्यायच्या, तारे एकमेकांवर जुळवायचे आणि सरासरी काढायची. तारा प्रत्येक फ्रेममध्ये असतो, म्हणून टिकतो. दाणा या फ्रेममध्ये इथे, पुढच्या फ्रेममध्ये तिथे, म्हणून विरतो. याला स्टॅकिंग म्हणतात. त्याचं गणित साधं आहे : चार फ्रेम घेतल्या तर नॉइज निम्मा होतो, सोळा घेतल्या तर पाव, चौसष्ट घेतल्या तर एक अष्टमांश.

हे गणित कळलं त्या दिवशी ‘काळ हेच औषध’ या वाक्याचा अर्धा अर्थ मला लागला. काळ दुःख पुसत नाही, रात्री जमा करतो. एक रात्र फार वाईट जाते, दुसरी कोरडी जाते, तिसऱ्या रात्री उगाच हसू येतं. यातली कुठलीही एक रात्र उचलून ‘मी अशी आहे’ म्हणण्यात अर्थ नसतो. पुष्कळ रात्री एकावर एक आल्या की स्थिर असेल ते दिसू लागतं. माझ्या बाबतीत स्थिर होतं ते म्हणजे आईवर माझा जीव होता. ते दाण्यांत मला दिसत नव्हतं.

पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था लोकांना आकाश दाखवत आली आहे. मुंबईकडे खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्री प्रसिद्ध आहेत. अशा संस्थांच्या आजूबाजूला फोटोवाल्यांचे छोटे गट आपोआप जमतात. त्यातल्या एका गटात मी शिरले. तिथे एक भूलतज्ज्ञ आहेत, ज्यांना रात्रीची झोप असते हेच ठाऊक नाही. भूगोलाचे निवृत्त सर आहेत. इंजिनिअरिंगला वारंवार बसणारा एक मुलगा आहे, प्रोसेसिंगमध्ये सगळ्यांचा गुरू. आणि जुन्नरकडचे एक शेतकरी भाऊ आहेत. त्यांच्याकडे मोटारीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. मग उसाला दारं धरायला शेतात जावंच लागतं, आणि त्या भागात उसात बिबट्या बसलेला असू शकतो. पाणी एका सरीतून दुसरीत जाईपर्यंत उभं तर राहायचंच आहे, म्हणून त्यांनी बांधावर ट्रायपॉड लावायला सुरुवात केली. “बिबट्यालाही वाटतं, हा काहीतरी सरकारी माणूस आहे,” असं ते म्हणतात.

गटात भांडणंही भरपूर. मुख्य भांडण रंगाचं. आकाशगंगा साध्या डोळ्यांना राखाडी दिसते. फोटोत ती कुणाची निळी, कुणाची जांभळी, कुणाची चहासारखी होते. सर म्हणतात, हे खोटं आहे. मुलगा म्हणतो, “सर, तुमच्या डोळ्याला अंधारात रंग दिसत नाहीत, हा आकाशगंगेचा दोष नाही.” दोघांचंही बरोबर असतं. ज्याला आपण डिजिटल आर्ट म्हणतो ते या दोघांच्या मधल्या जागेत होतं : जे खरंच तिथे होतं पण कुणाला दिसलं नव्हतं, ते किती ओढून बाहेर काढायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा.

काजव्यांच्या फोटोंनी मला हा प्रश्न नीट समजावला. मेअखेर ते मृगाचा पाऊस लागेपर्यंत पुरुषवाडी, भंडारदरा, राजमाची या भागांत झाडंच्या झाडं काजव्यांनी उजळतात. हिरडा, सादडा, जांभूळ यांच्या फांद्या एका लयीत लुकलुकतात. इथे सरासरी काढली तर काजवे पुसले जातील, कारण ते क्षणभरच असतात. म्हणून तिथे वेगळी रीत वापरतात, लाइटन. संगणक प्रत्येक जागेवर सगळ्या फ्रेममधला सर्वांत उजळ ठिपका ठेवतो आणि बाकीचे टाकतो. तास-दीड तासात जिथे जिथे एकदा तरी चमकलं, ते सगळं एकाच चित्रात येतं. फोटोशॉपमध्ये त्याच यादीत याचा उलटा पर्याय असतो, डार्कन. तो प्रत्येक जागेवरचा सर्वांत काळा ठिपका ठेवतो. तो पर्याय पाहिला आणि मला माझंच डोकं पडद्यावर दिसल्यासारखं झालं. आईच्या आजारपणातल्या प्रत्येक दिवसातलं सगळ्यात काळं तेवढं मी ठेवलं होतं. तिने डॉक्टरांना वैताग येईपर्यंत प्रश्न विचारलेले, नर्सच्या लग्नाची चौकशी केलेली, मऊभातात तूप कमी आहे म्हणून रुसलेली, हे सगळं त्याच फ्रेममध्ये होतं. मोड चुकीचा लागला होता.

पण लाइटनलाही किंमत आहे. तासभराचे काजवे एका चित्रात पाहून लोकांना वाटतं, जंगल एका वेळी इतकं उजळतं. मग शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. हेडलाइट, टॉर्च, मोबाइल. काजव्याचा प्रकाश म्हणजे त्याचं बोलणं असतं. नर चमकून हाक देतो, गवतातली मादी उत्तर देते, आणि प्रौढ काजव्याचं आयुष्य फार तर काही आठवड्यांचं. त्या बोलण्यावर आपण टॉर्च मारतो. काही ठिकाणी वनखात्याला प्रवेशाच्या वेळा ठरवाव्या लागल्या. त्यामुळे आमच्या गटाने काजव्यांच्या फोटोखाली गावाचं नाव लिहिणं बंद केलंय आणि फोटो किती वेळाच्या बेरजेचा आहे ते लिहायला सुरुवात केलीय. उलटं उदाहरण पेंचचं आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, कारण तिथल्या आसपासच्या गावांमधले दिवे आकाशाकडे उजेड सांडणार नाहीत असे, खाली तोंड असलेले बसवले गेले. काळोख एकट्यादुकट्याला राखता येत नाही, शेजाऱ्यानेही दिवा खाली वळवावा लागतो.

आता ‘काळ हेच औषध’चा उरलेला अर्धा भाग. सरासरीने विरत नाही असा एक नॉइज असतो. सेन्सरवरचे काही पिक्सेल जन्मतःच तापट असतात. अंधार असला तरी ते लाल-निळे चमकत राहतात, आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी. कितीही फ्रेम जमा करा, ते ठळक होत जातात, कारण सरासरीला तेही ताऱ्यासारखेच स्थिर वाटतात. त्यासाठी डार्क घ्यावे लागतात. शूटिंग संपलं की लेन्सला झाकण लावायचं आणि तितक्याच सेकंदांच्या, त्याच सेटिंगवर, निव्वळ अंधाराच्या फ्रेम घ्यायच्या. त्याही त्याच जागी, त्याच थंडीत, कारण तापमान बदललं की डाग बदलतात. घरी जाऊन उबेत डार्क घेऊन चालत नाही. मग प्रत्येक चित्रातून हा अंधार वजा करायचा. कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग तेवढे निघून जातात.

माझा तसा एक डाग होता. शेवटच्या रात्री आई पुन्हा पुन्हा विचारत होती, “किती वाजले गं?” मी सांगायचे. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुढे कितीही रात्री जमा झाल्या तरी प्रत्येकीत हा प्रश्न त्याच जागी चमकायचा. काळाने तो विरला नाही, उलट ठळक झाला. मी ज्यांच्याकडे जात होते त्या समुपदेशक बाईंनी माझ्याकडून तो प्रश्न झाकण लावून, दुसरं काहीही मध्ये न आणता, पुन्हा पुन्हा सांगून घेतला. त्या जे करत होत्या त्याला फोटोवाल्यांकडे काय म्हणतात, ते मी त्यांना नंतर सांगितलं.

डार्क घेण्याची आणखी एक गंमत आहे. शूटिंग चालू असताना कुणी टॉर्च लावला तर सगळे खेकसतात. सगळे काळोखात, आपापल्या ट्रायपॉडशी. डार्क सुरू झाले की लेन्सला झाकण असतं, उजेडाने काही बिघडत नाही. मग टॉर्च लागतात, थर्मास उघडतात, भूलतज्ज्ञांच्या घरची आलेपाक वडी फिरते आणि रात्रभर नुसते आवाज असलेल्या माणसांना चेहरे येतात. आमच्या गटातल्या बहुतेक गोष्टी डार्कच्या वेळी सांगितल्या गेल्या आहेत. मुलाने तिसऱ्यांदा नापास झाल्याचं तिथेच सांगितलं. मीही आईच्या प्रश्नाचं तिथेच सांगितलं, मार्चच्या अखेरीस, पहाटेच्या आधी, दक्षिणेकडे वृश्चिक चांगला वर आला होता तेव्हा.

कुणी सांत्वन केलं नाही. भूलतज्ज्ञ म्हणाले, “आयसीयूत सगळेच वेळ विचारतात. तिथे खिडकी नसते ना.” शेतकरी भाऊ थोडे थांबून म्हणाले, “ताई, रात्रीची पाळी कुणीतरी धरावीच लागते. दिवसाच्या पाळीला घरातले सगळे असतात. रात्री एकच असतो. आईंना तो आहे का, ते बघायचं असेल.” मग वातावरण जड झालंय असं वाटून सरांनी विषय बदलला. वायव्येकडे कललेल्या सप्तर्षींकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की त्या चौकोनात गोंड लोकांना म्हातारीची खाट दिसते, आणि शेपटाचे तीन तारे म्हणजे ती खाट पळवायला आलेले तीन चोर. मला एकदम आमची भाड्याची खाट न्यायला आलेली तिघं आठवली आणि मी खो खो हसत सुटले. लोकांना कारण सांगितल्यावर तेही हसले. आईलाही हसू आलं असतं, ती त्या खाटेच्या भाड्यावरून शेवटपर्यंत कुरकुरत होती.

या रात्रीलाही आमच्या कामात नाव आहे, डिदरिंग. दोन फ्रेमच्या मध्ये कॅमेरा मुद्दाम जरासा सरकवायचा. तारे जुळवताना मग कॅमेऱ्याचे ठाम बसलेले डाग दर वेळी वेगळ्या जागी पडतात आणि बाकीच्या नॉइजसारखे सरासरीत विरून जातात. एकटी असताना माझा कॅमेरा हलत नव्हता. मी त्याच जागेवरून तोच प्रश्न पाहत होते. भूलतज्ज्ञांनी मला खिडकीकडे सरकवलं, भाऊंनी उसाच्या बांधावर, सरांनी आकाशातल्या खाटेपर्यंत. प्रश्न तोच राहिला, पण आता तो एका जागी बसत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मृगातला तेजोमेघ मिळून करायचं ठरवलं. ज्याला जमेल त्याने, जिथे असेल तिथून फ्रेम घ्यायच्या आणि एकत्र करायच्या. भाऊंच्या शेताच्या बाजूलाच खोडदचा जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पांगलेल्या. एवढी थोरली एकच तबकडी कुणालाच बांधता आली नसती, म्हणून त्या तिसांनी टिपलेले संकेत एकत्र करून तिच्याइतकं बारीक पाहायचं. भाऊ म्हणाले, आपणही तेच करू, आपलं अनुदान तेवढं नाही. लेन्स वेगवेगळ्या, कॅमेरे वेगवेगळे, पुण्याच्या गच्चीवरचं माझं आकाश दिव्यांनी नासलेलं. जुळवणी करताना मुलाने माझ्या अर्ध्याअधिक फ्रेम काढून टाकल्या, तरी काही राहिल्या. चित्र तयार झालं तेव्हा खाली नाव कुणाचं टाकायचं, यावर एक पूर्ण संध्याकाळ भांडण झालं, आणि शेवटी कुणाचंच टाकलं नाही. त्या तेजोमेघातला कुठला प्रकाश माझ्या गच्चीवरून आलाय आणि कुठला उसाच्या बांधावरून, हे आता मुलालाही सांगता येणार नाही.

मी आता बहुतेक रात्री झोपते. डॉक्टरांनी गोळी कमी केली आहे, बंद नाही. कधी कधी दोनला जाग येतेच, आणि मला त्याचा आता राग येत नाही, कारण सुधारणेचं गणित मला ठाऊक आहे. पहिल्या चार फ्रेममध्ये नॉइज झपाट्याने निम्मा होतो, आणि तेव्हा वाटतं की आता असंच चालणार. तसं होत नाही. उरलेला निम्मा करायचा तर जमवलेल्याच्या चौपट फ्रेम लागतात, त्यापुढच्या निम्म्यासाठी पुन्हा चौपट. बरं होण्याचा वेग म्हणूनच मंदावतो, आणि त्यात आपण कमी पडतोय असं काही नसतं. एकट्या माणसाकडे एवढ्या रात्री नसतात. सहा-सात जणांनी आपापल्या रात्री एकत्र टाकल्या की हिशेब बराच जमतो.